कोंडा, लिंबू आणि काळी मेहंदी: एकाच डोक्यावरच्या तीन भानगडी

ही केस माझ्या एका मैत्रिणीची. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी केसांच्या आणि स्किनच्या प्रॉडक्ट्सच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे यात निदान म्हणून जे आहे ते स्किनच्या डॉक्टरांचं आणि बाकीची चिरफाड माझी.

तिची तक्रार एका वाक्यातली होती. "अगं सगळं नॅचरल वापरतेय तरी डोकं खाजतंय, कोंडा वाढतोय, केस गळतायत आणि आता तर तोंडावर पण काहीतरी यायला लागलंय." शाम्पू तिने कधीच बंद केला होता कारण त्यात केमिकल असतं. त्याऐवजी जे चालू होतं ते ऐकून मी आधी म्हटलं थांब, हे सगळं कागदावर लिही, कारण एवढ्या गोष्टी एका डोक्यावर एकाच वेळी चालू असतील तर कशाने काय होतंय हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

तर लिस्ट अशी निघाली. रात्री घरी उकळलेलं तेल, ऑलिव्ह आणि तीळ मिक्स करून त्यात कडुनिंब, कढीपत्ता, जास्वंद, आवळा, मेथी, कोरफड, म्हणजे जे जे कुणी सांगितलं ते ते. ते रात्रभर टाळूवर. सकाळी कोंड्यासाठी लिंबाचा रस डायरेक्ट टाळूवर चोळायचा आणि तो "मुरेपर्यंत" उन्हात बसायचं. मग रिठा-शिकेकाईच्या पावडरीने धुवायचं. मधूनमधून भिजवलेल्या मेथीची पेस्ट. आणि पांढरे केस डोकवायला लागले की "हर्बल काळी मेहंदी".

आणि लक्षणं काय, तर पिवळसर चिकट पापुद्रे, भुवयांमध्ये आणि कानामागे लाली, कानशिलापासून मानेपर्यंत तपकिरी ओघळ उमटल्यासारखे डाग, आणि अधूनमधून पापण्या सुजणं आणि कानाच्या वरच्या कडेला पाणी सुटणं. हे शेवटचं ती मला सांगणारच नव्हती, कारण तिच्या मते ते धुळीमुळे होतं, त्याचा केसांशी काय संबंध!

कुणीतरी तिला असंही सांगून ठेवलं होतं की नॅचरलवर आलं की आधी टॉक्सिन बाहेर पडतात, त्रास वाढतो आणि मग सगळं छान होतं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कारण हे एकदा डोक्यात बसलं की माणूस जळजळ झाली तरी खूश होतो, काम करतंय म्हणून.

पापुद्रे नक्की कशाचे

पहिलं काम अगदी साधं केलं. काळा सुती कपडा अंथरून तिला कोरड्या केसांतून बारीक कंगवा फिरवायला सांगितलं आणि जे पडलं ते नीट उजेडात बघितलं. दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक पिवळट, मऊ, बोटांत चिमटला तर चिकटणारा पापुद्रा, टिश्यू पेपरवर दाबला की तेलाचा डाग उमटतो असा. आणि दुसरी म्हणजे तपकिरी, खरखरीत, वाळूसारखी कचकचणारी कणी. ती कणी कोंडा नव्हतीच, शिकेकाईची पावडर होती! दाट केसांत ती पूर्ण धुऊन निघत नाही, टाळूवर तशीच सुकते, खाजते, माणूस नखाने खरवडतो, आणि खरवडलं की टाळूला बारीक जखमा होतात. म्हणजे ज्याला ती "वाढलेला कोंडा" म्हणत होती त्यातला बराच भाग तिनेच चोळून आत घातलेला होता.

पण पिवळा पापुद्रा खरा होता. भुवया, कानामागचा भाग, नाकाच्या बाजूच्या घड्या, टाळू, या जागा जिथे चरबीच्या ग्रंथी जास्त असतात तिथेच जर लाली आणि पापुद्रे असतील तर डॉक्टरांच्या डोक्यात सगळ्यात आधी सेबोऱ्हिक डर्मटायटिस येतो, म्हणजे अशा तेलकट जागांवरच्या त्वचेचा दाह. कोरडी टाळू असेल तर पापुद्रे पांढरे, बारीक, भुरभुरीत असतात आणि भुवयांत सहसा काही नसतं. ती मात्र कोरडी टाळू धरून बसली होती आणि म्हणून तेलाचा डोस वाढवत होती.

यात मुख्य पात्र आहे मॅलासेझिया नावाची बुरशी. ही जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असते, कुठून "लागलेली" नसते, त्यामुळे घाणेरडेपणाशी तिचा संबंध नाही. तिची गंमत अशी की तिला स्वतःला फॅटी ॲसिड बनवता येत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. टाळूच्या चरबीतले ट्रायग्लिसराइड ती फोडते, त्यातली तिला हवी ती सॅच्युरेटेड फॅटी ॲसिडं खाते, आणि मागे ओलेइक ॲसिडसारखी अनसॅच्युरेटेड सोडून देते, आणि ज्यांची टाळू या ओलेइक ॲसिडला सेन्सिटिव्ह आहे त्यांच्यात त्वचेच्या पेशी घाईघाईने गळायला लागतात. तोच कोंडा.

आता ऑलिव्ह तेलात अर्ध्याहून जास्त काय असतं? ओलेइक ॲसिडच. तिळाच्या तेलात पण भरपूर असतं. आणि लॅबमध्ये ही बुरशी वाढवायची असेल तर काय करतात माहितेय का, ती ज्या पोषक मिश्रणावर वाढवतात त्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. मी तिला एवढंच सांगितलं आणि ती गप्प झाली. रात्रभर टाळूवर तेच तेल ठेवून ती सकाळी कोंड्यासाठी लिंबू शोधत होती.

तेलात काय उतरलं आणि काय नाही

इथे जरा थांबते कारण घरी तेल उकळणाऱ्या सगळ्यांना हे उपयोगी आहे आणि कुणी सांगत नाही.

जास्वंद आणि मेथी केसांना मऊ करतात हे खरंय. पण ते काम करतो त्यांच्यातला बुळबुळीत चिकट पदार्थ, म्यूसिलेज, आणि तो साखरेच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो, पाण्यात फुलतो, तेलात अजिबात उतरत नाही. म्हणजे जास्वंदीची फुलं तेलात तळून काढली तर तेलाला रंग-वास येईल पण तो मऊपणा गाळणीतच राहिला. आवळ्याचं व्हिटॅमिन सी आणि टॅनिन? पाण्यात विरघळणारं. रिठा-शिकेकाईचं सॅपोनिन, म्हणजे त्यांचा फेस करणारा घटक? तेही पाण्याचं गिऱ्हाईक. कोरफडीचा गर तर जवळजवळ सगळा पाणीच.

कडुनिंबातले काही कडू घटक तेलात उतरतात, कढीपत्त्याचा वास उतरतो, रोझमेरीसारख्या सुगंधी पानांचं उडणारं तेल उतरतं (आणि खूप उकळलं की ते उडूनही जातं). तेलात जे उतरू शकतं तेच उतरणार, आपण कितीही श्रद्धेने ढवळलं तरी.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. ओली पानं, ओली फुलं, कोरफडीचा गर तेलात टाकला आणि पाणी पूर्ण उडायच्या आत गॅस बंद केला की बाटलीच्या तळाशी पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यात जंतू आणि बुरशी आरामात वाढतात. हिच्या बाटलीच्या तळाशी गढूळ, लोंबणारा गाळ होता, झाकण उघडलं की शिळ्या तळणाचा खवट वास. "तो वास औषधी आहे" असं ती म्हणाली. छे, ते तेल ऑक्सिडाइज झालेलं होतं आणि तसं तेल त्वचेला जास्त चावतं. बाटली तिथल्या तिथे फेकायला लावली.

रिठा-शिकेकाईने हे सगळं तेल निघत का नव्हतं तेही सांगते. सॅपोनिन सौम्य असतं, हलकी चरबी आणि घाम काढायला पुरतं, शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं म्हणून केसांचे खवले फार उघडत नाहीत, हे सगळे फायदे आहेत. पण रात्रभर थापलेलं दाट तेल एका धुण्यात काढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. मग टाळूवर तेलाचा थर, त्यात अडकलेली पावडर, आणि खाली बुरशीची मेजवानी.

डागांचं कोडं

आता ते तपकिरी ओघळ. हे मला सगळ्यात आधी कळले, कारण त्यांचा आकार. ॲलर्जी किंवा वांग ओघळत नाही हो, द्रव ओघळतो. कानशिलावर एक लांबट रेघ, तिथून कानापुढून खाली, आणि मानेवर दोन ठिपके थेंब सुकल्यासारखे. रस जिथून वाहिला नेमका तोच रस्ता त्वचेवर छापलेला होता.

लिंबाच्या जातीत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात, त्यातलं एक बर्गॅप्टेन. ती त्वचेवर असताना त्यावर ऊन पडलं, म्हणजे उन्हातले युव्हीए नावाचे अतिनील किरण, की ती पेशींना इजा करतात. याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. ही ॲलर्जी नाहीये, कुणालाही होऊ शकतं, फक्त रस आणि ऊन दोन्ही पाहिजेत. त्रास लगेच दिसत नाही, साधारण एक दिवसाने सुरू होतो, दोन-तीन दिवसांत जास्तीत जास्त होतो, कुणाला फोड येतात, कुणाला नुसती लाली, आणि कुणाच्या तर लाली लक्षातच येत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी थेट डाग दिसतो. तो डाग मग कित्येक आठवडे, कधी महिनोनमहिने राहतो. मधल्या काळात माणूस लिंबू विसरलेला असतो आणि डागासाठी नवीन काहीतरी लावत असतो. हिने काय लावलं असेल डागावर? लिंबू! कारण लिंबाने डाग जातात!

लिंबाचा रस पीएचमध्ये (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) दोन-तीनच्या आसपास असतो, निरोगी त्वचा साधारण पाचच्या आसपास. खरवडलेल्या टाळूवर तो लावला की जी आग होते ती "कोंडा मरतोय" याची खूण नाही, जखमेवर ॲसिड पडल्याची आहे. लिंबाबद्दल माझं मत एकदम साफ आहे, पाण्यात पातळ करून केसांच्या लांबीवरून ओतून लगेच धुतलं तर चालेल, टाळूवर आणि चेहऱ्यावर कच्चा रस नको म्हणजे नको.

आणि पापण्या

खरी गंभीर गोष्ट ही होती आणि हीच ती सांगायची टाळत होती.

मी तिला दोन कॉलममध्ये लिहायला लावलं, कधी काय लावलं आणि कधी काय झालं, फोनमधले फोटो आणि मेसेज चाळून जेवढं आठवेल तेवढं. पापण्या सुजलेले फोटो आणि काळी मेहंदी लावलेले दिवस शेजारी ठेवले तर दर वेळी मेहंदी आधी आणि सूज एक-दोन दिवसांनी. त्याच दिवशी कधीच नाही, म्हणून तिला कधी संशयच आला नाही. सुरुवातीला नुसती कानाला खाज, मग कान लाल, मग पापण्या, दर खेपेला थोडं जास्त.

मेहंदीच्या झाडात रंग देणारा घटक लॉसोन, वाळलेल्या पानात साधारण एक-दोन टक्के. तो केसातल्या केराटिन नावाच्या प्रोटीनला घट्ट चिकटतो आणि रंग देतो केशरी-तांबडा, पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने तो गडद होतो, पण काळा होत नाही. कुठल्याही शुद्ध मेहंदीने एका बैठकीत केस काळेभोर होत नाहीत, होऊच शकत नाहीत. वनस्पतींनी काळ्याच्या जवळ जायचं तर नीळ लागते, म्हणजे नीळीच्या झाडाची पानं. त्यात इंडिकॅन असतं, भिजवलं की त्याचं इंडॉक्सिल होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने निळा रंग तयार होतो. आधी मेहंदीचा केशरी, धुऊन त्यावर नीळीचा निळा, मिळून गडद तपकिरी ते काळसर. दोन टप्पे, काही तास, आणि पसारा.

आणि हिचं पाकीट? कोमट पाण्यात कालवा, अर्धा-पाऊण तास ठेवा, धुवा, काळे केस. पाकिटावर पुढे पानाफुलांची चित्रं, आवळा भृंगराज ब्राह्मी सगळ्यांची नावं, "अमोनिया फ्री" मोठ्या अक्षरात. मागे, घडीच्या आत, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन. पीपीडी.

पीपीडी हा बहुतेक काळ्या हेअर डायमधला नेहमीचा घटक आहे आणि कॉन्टॅक्ट ॲलर्जीच्या, म्हणजे त्वचेला काही लागून होणाऱ्या ॲलर्जीच्या जगात फार बदनाम आहे, अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" केलं होतं. युरोपियन युनियनमध्ये हेअर डायमध्ये तो चालतो पण डोक्यावर लावायच्या मिश्रणात २ टक्क्यांच्या वर नाही, आणि त्वचेवर थेट लावायला मनाई. "काळी मेहंदी" म्हणून जे टॅटू काढतात त्यात तो बिनदिक्कत घातलेला असतो आणि कित्येकांना पहिली ॲलर्जी तिथेच बसते, पुढे वर्षांनी केस रंगवले की भडका उडतो. अमोनिया नसणं आणि पीपीडी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पण लक्षात घ्या. लेबलवर तो दुसऱ्या नावांनी पण येतो, १,४-बेंझीनडायअमीन किंवा सी.आय. ७६०६०.

मग पापण्याच का, टाळू का नाही? टाळूची कातडी जाड असते, ती बऱ्यापैकी सहन करते. पापण्यांची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. धुताना पाणी ओघळतं, थोडा रंग पापण्यांना, कानाला, मानेला लागतो आणि प्रतिक्रिया तिथे दिसते. म्हणून केसांच्या प्रॉडक्टची ॲलर्जी चेहऱ्यावर येते आणि लोक फेसवॉश बदलत बसतात.

इथे माझं काम संपलं, पुढे डॉक्टर. त्यांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, बघतात आणि परत ७२ ते ९६ तासांच्या आसपास एकदा बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उठणारी असते. पीपीडीची जागा लाल, उठलेली, बारीक फोडांची. पॉझिटिव्ह. आणि ही ॲलर्जी सहसा आयुष्यभराची, "थोडंसं लावून बघू" हा प्रकार कायमचा बंद.

मग काय केलं

सगळं बंद. तेल, लिंबू, मेथी, पावडर, मेहंदी, झाडाचं आणि बिनझाडाचं सगळं. हे तिला औषधापेक्षा जड गेलं. "म्हणजे परत केमिकल?" हो, परत. डॉक्टरांनी केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, फेस करून पाचेक मिनिटं टाळूवर ठेवून धुवायचा, काही आठवडे, आणि नंतर मधूनमधून चालू ठेवायचा कारण सेबोऱ्हिक डर्मटायटिस मुळासकट जात नाही, ताब्यात राहतो. पापण्यांसाठी वेगळं मलम, तेही थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, ते नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण डोळ्याजवळची मलमं ऐकीव माहितीवर लावायची नसतात.

भुवया आणि कानामागची लाली आधी गेली. टाळूची खाज त्यानंतर कमी झाली. केस गळणं मात्र लगेच थांबलं नाही आणि ती वैतागली. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, आणि त्रास झाल्यावर गळणारे केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे आज बेसिनमध्ये दिसणारा केस हा मागच्या भानगडीचा हिशोब असतो. नवीन केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. इथे कुठलंही झाड किंवा बाटली घाई करू शकत नाही.

झाडं परत आणताना

तिला झाडं सोडायची नव्हती आणि मलाही ते पटत होतं, कारण प्रश्न झाडांचा नव्हताच. प्रश्न हा होता की केस आणि टाळू यांना ती एकच समजत होती. टाळूच्या बाहेर दिसणारा केस मेलेला धागा आहे, त्याला पोषण वगैरे काही मिळत नाही, त्याला फक्त घर्षण कमी करणं, ओलाव्यात फुगू न देणं, मऊ ठेवणं एवढंच लागतं. टाळू ही जिवंत कातडी, तिथे बुरशी, चरबी, ॲलर्जी सगळं चालतं. हिचं चाललं होतं रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि उलटंही.

म्हणून तेल परत आलं पण जागा बदलून. खोबरेल, साधं, काही न उकळलेलं, धुण्याच्या आधी, आणि फक्त कानाच्या खालच्या लांबीला. खोबरेलच का तर त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं असतं, ते केसाच्या आत शिरू शकतं. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलने कमी झालं होतं. केसासाठी हे उत्तम. टाळूला हात नाही लावायचा.

शिकेकाई परत आली पण पावडर नाही, शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, दाट सुती कपड्यातून दोनदा गाळलेलं पाणी. तेही औषधी शाम्पूच्या मधल्या धुण्याला. रिठा तिने स्वतःच सोडला, डोळ्यात गेला की फार झोंबतो. जास्वंद पाण्यात भिजवून, गाळून, त्यातला बुळबुळीत भाग धुतल्यावर केसांच्या लांबीला कंडिशनरसारखा, मग धुऊन टाकायचा. ती म्हणाली की तेलात एवढी वर्षं घालून जे जाणवलं नाही ते पहिल्याच वेळी जाणवलं. जाणवणारच, घटक पहिल्यांदाच केसापर्यंत पोहोचला होता.

कोरफडीबद्दल काळजी एकच. पान कापलं की सालीखालून पिवळा कडू चीक येतो, त्यात ॲलोइन असतं, तो त्वचेला चावू शकतो. पान उभं ठेवून चीक गळू द्यायचा, धुवायचं, मग फक्त पारदर्शक गर. सेबोऱ्हिक डर्मटायटिसवर कोरफडीच्या इमल्शनची १९९९ मध्ये ४४ जणांवर चाचणी झाली होती आणि निकाल बरा होता, म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही, पण एवढ्याशा चाचणीवर मी औषध बंद करायला सांगणार नाही.

टी ट्री तेलाचं तिने विचारलं. त्यावर जरा बरी चाचणी आहे, २००२ ची, १२६ जण, ५ टक्क्यांचा शाम्पू चार आठवडे, कोंड्यात ४१ टक्के सुधारणा, आणि नुसत्या शाम्पूवाल्यांत ११ टक्के. पण ते ५ टक्के, शाम्पूत, धुऊन टाकायचं. लोक बाटलीतून थेंब डायरेक्ट टाळूवर टाकतात ते भयंकर आहे. शिवाय हवा-उजेड लागून जुनं झालेलं टी ट्री तेल जास्त ॲलर्जी करतं. आधीच एक ॲलर्जी पदरात असताना मी म्हटलं, नकोच.

प्रत्येक गोष्ट डोक्यावर जायच्या आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर. धुऊन टाकायची गोष्ट असेल तर पातळ करून. एका वेळी एकच. एका संध्याकाळी लावून "काही झालं नाही" म्हणणं याला टेस्ट म्हणत नाहीत, उशिरा उठणारी ॲलर्जी त्या संध्याकाळी दिसतच नाही. मेथीने तिचा हात दुसऱ्याच दिवशी जरासा लाल झाला होता, म्हणून मेथी गेली, जास्वंद राहिली.

राहिला रंगाचा प्रश्न, आणि तो अजून राहिलेलाच आहे. शुद्ध मेहंदी आणि शुद्ध नीळ यांच्यात पीपीडी नसतो, शुद्ध मेहंदीची ॲलर्जी क्वचितच होते (जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांची, खास करून लहान बाळांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात मेहंदीने रक्तपेशी फुटल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, तिथे लावायचीच नाही). पण शुद्ध आहे हे सिद्ध कसं करणार? हिरवी पावडर, पानाचा वास, पांढऱ्या कापसावर किंवा गळलेल्या पांढऱ्या केसांवर लावली तर केशरी आणि फक्त केशरी, हे बघता येतं. लगेच तपकिरी-काळा आला तर नक्की काहीतरी मिसळलंय. पण केशरी आला म्हणजे मिसळलेलं काहीच नाही असं म्हणता येत नाही, आणि पीपीडी पॉझिटिव्ह माणसाला थोडंसं पण पुरतं. डॉक्टर म्हणाले लॅब रिपोर्ट असलेल्या कंपनीचीच, आणि तीही आधी त्यांच्यासमोर टेस्ट करून. ती अजून विचार करतेय, तोपर्यंत पांढरे केस तसेच आहेत.

पॅच टेस्टचा रिपोर्ट तिने फोनमध्ये ठेवलाय, कारण पीपीडीवाल्यांना त्याच कुळातल्या इतर हेअर डायची, काही गडद कपड्यांच्या रंगांची आणि बेन्झोकेन नावाच्या बधिर करणाऱ्या औषधाची पण ॲलर्जी निघू शकते, म्हणजे पार्लर तर आहेच पण दातांच्या डॉक्टरांना पण दाखवायला लागतं. मानेवरचे ठिपके गेले, कानशिलाची रेघ बरीच फिकी झालीये पण लक्ष देऊन बघितलं तर दिसते. उन्हात जाताना त्यावर सनस्क्रीन लावायला सांगितलंय, नाहीतर ती परत गडद होईल.